विधेयकासोबत कार्बनचं ज्ञापन हवं का? ठाणे–नवी मुंबईकरांनी मत मांडावं

खाडीकाठचा ठाणेकर
विधिमंडळात विधेयक येतं तेव्हा उद्देश व कारणांचं निवेदन जोडलेलं असतं. तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापनही असतं. त्याच्या शेजारी एक पान कार्बनचं हवं, म्हणजे कायद्याने उत्सर्जन किती वाढेल वा घटेल याचा हिशेब, असं माझं ठाम मत आहे. कायदा आला नाही तर काय होईल, आला तर किती किलोमीटर, किती युनिट वीज किंवा किती टन कचरा बदलेल, त्याला कोणता गुणक (एका लिटर, किलो किंवा युनिटमागे किती कार्बन, तो आकडा) लावला, आणि हिशेब किती वर्षांचा, एवढं त्यात पुरे. स्कॉटलंडने 2009 च्या हवामान कायद्यात अर्थसंकल्पाबरोबर असा हिशेब देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे वाहनकर बदलतो तेव्हा आमदारांपुढे फक्त महसुलाचा आकडा असतो.

सेक्टर सतरा, वाशी
माझा विरोध हे पान जोडण्याच्या जागेला आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन्ही नाके त्यात आले. तो मंत्रिमंडळाचा निर्णय होता, विधेयक नव्हतं. बांधकाम नियमावली अधिसूचनेने बदलते, अनुदानं शासन निर्णयाने येतात. विधेयकाला पान जोडलंत तरी मोठे निर्णय बाजूने निघून जातील. शिवाय ‘उत्सर्जनात लक्षणीय वाढ अपेक्षित नाही’ हे एकच ठरीव वाक्य प्रत्येक विधेयकाखाली चिकटवलं जाईल.

खाडीकाठचा ठाणेकर
ठरीव वाक्य चालणार नाही, कारण आकडेमोड दाखवावी लागेल. टोलमाफीचंच घ्या. ‘रांग गेली, इंधन वाचलं’ हा युक्तिवाद तपासू. उभ्या गाडीचं इंजिन तासाला 0.7 लिटर पेट्रोल खातं असं धरा. तीन मिनिटांची रांग म्हणजे 0.035 लिटर. लिटरला 2.31 किलो या हिशेबाने वाचले 80 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आता लोकल सोडून एकाने गाडी काढली: 25 किलोमीटर, लिटरला 15, म्हणजे जवळपास 3.85 किलो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गाड्यांनी वाचवलेलं या एका फेरीत गेलं. शंभरातल्या दोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या नव्या असतील तर फायदा संपला. आमदाराला अचूक टन नकोत, हा उंबरठा हवा.

घणसोली नोड
गुणकातच जास्त घोळ होतो. राज्याच्या 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या ई-वाहनांवर 6 टक्के कर सुचवला गेला, पुढे तो मागे घेतला. त्याचा कार्बन कसा काढाल? वर्षाला 10,000 किलोमीटर धरा.

पेट्रोल, लिटरला 15: सुमारे 1,540 किलो.
सीएनजी, किलोला 25: 400 किलो गॅस, गुणक 2.75, म्हणजे 1,100 किलो.
ई-गाडी, युनिटला 7: 1,430 युनिट, गुणक 0.72, म्हणजे 1,030 किलो.

पण हा 0.72 वीजकेंद्राच्या दारातला आहे. तारांमधली गळती 15 टक्के धरली तर ई-गाडी 1,210 किलोवर जाते आणि सीएनजीच्या मागे पडते. उलट सीएनजीच्या खात्यात गॅसगळती धरलेलीच नाही. गाडी पंधरा वर्षं चालणार आणि वीज दरवर्षी स्वच्छ होत जाणार, हेही एका वर्षाच्या आकड्यात दिसत नाही. एकच गुणक छापलात तर निकाल हवा तसा वळवता येतो. तीन गुणक, तीन उत्तरं सक्तीची करा.

कोलशेत
कचऱ्याच्या कायद्यात तर वर्षंच निर्णायक. डम्पिंगवरचा ओला कचरा दशकभराहून जास्त काळ मिथेन सोडतो, म्हणून पहिल्या वर्षाची बचत किरकोळ दिसते. मिथेनची उष्णता वाढवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांच्या मापाने 28 पट, वीस वर्षांच्या मापाने 80 पटींच्या आसपास. माप लिहिलं नसेल तर तो आकडा मी वाचणारच नाही.

सेक्टर सतरा, वाशी
उंबरठ्याची कल्पना मान्य. पण दोन टक्के नव्या फेऱ्या झाल्या की नाही, हे कोण मोजणार? हलक्या गाड्यांची पावती बंद झाली की पावत्यांवरून होणारी त्यांची मोजणीही गेली. त्यात जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, वाशी पुलावरच्या काही गाड्या तिकडे वळल्या, आणि ऑक्टोबर सणांचा. आधी-नंतरची नुसती वजाबाकी कशाचंच उत्तर देत नाही.

खाडीकाठचा ठाणेकर
म्हणूनच मोजणीची सोय निर्णयाआधी हवी. माफीपूर्वी आणि नंतर त्याच महिन्यात, त्याच वारी वाहनगणना. वाशी, ऐरोली आणि अटल सेतूची बेरीज एकत्र, म्हणजे वळलेली गाडी नवी ठरणार नाही. जोडीला अवजड वाहनांचा आकडा, त्यांचा टोल सुरूच आहे. ती वाढ नेहमीची समजून वजा करा. आणि जागेबद्दल तुमचं बरोबर आहे: हे पान मंत्रिमंडळ टिपणीलाही, म्हणजे निर्णयासाठी मंत्रिमंडळापुढे ठेवल्या जाणाऱ्या प्रस्तावालाही, जोडलं पाहिजे, नाहीतर टोलमाफीसारखा निर्णय पुन्हा सुटेल.

सेक्टर सतरा, वाशी
टिपणी गोपनीय राहते. निर्णय जाहीर होताच पान खुलं करण्याची अट हे पान सक्तीचं करणाऱ्या कायद्यातच घाला, तर माझा विरोध मागे.