विषय: म्हापशाची खरेदी अडली – फोनने पैसे घेत नाहीत, शुक्रवारच्या आत कळवा

कडून: सहसचिव (सध्या म्हापसा)

मंडळी,

मस्कतमधल्या आपल्या मंडळाच्या गणपतीच्या स्टॉलसाठीच्या यादीतले काजू झाले, पैसे फोनवरून दिले, पावती खजिनदार अण्णांना पाठवली आहे. सोलं (वाळवलेली कोकमं), खोलाची मिरची आणि कांद्याच्या माळा मात्र अडल्या आहेत. सोलंवाली मावशी तीच, जिच्याकडून आपण दर वर्षी घेतो. ती म्हणते, "फोन नाका, रोख दी." शेजारच्या मिरचीवालीकडे स्कॅन करायचा कागद लावलेला आहे. तिथे माझ्या फोनवरून पैसे जात नाहीत, वहिनींच्या फोनवरून लगेच गेले. माठ-मडकीवाला पाचशेच्या वर फोनने नको म्हणतो.

स्टॉलच्या खरेदीत रोख नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मग मी करू काय? शुक्रवारी पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीचा, मोठा बाजार आहे. त्यानंतर पाऊस कधीही येईल आणि ओल लागलेली सोलं गणपतीपर्यंत टिकत नाहीत. लवकर सांगा.

कडून: खजिनदार

नियम वार्षिक सभेत सर्वानुमते झाला आहे. गेल्या कोजागिरीच्या हिशेबाने किती मनस्ताप झाला ते मी पुन्हा लिहीत नाही. फोनने दिलेल्या पैशाला तारीख, वेळ, नाव, क्रमांक सगळं असतं. रोखीला फक्त देणाऱ्याची आठवण असते, आणि आठवणीवर हिशेबतपासनीस सही करत नाहीत.

उपाय सोपा आहे. ओमानच्या मोबाइल नंबरवरही यूपीआय चालू करायला २०२३ च्या जानेवारीत परवानगी मिळाली. पहिल्या दहा देशांत ओमान होता. फक्त तो नंबर तुमच्या एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याला जोडलेला हवा. आज जोडा, शुक्रवारी खरेदी करा.

कडून: नाना (मडगाव)

> आज जोडा, शुक्रवारी खरेदी करा.

अण्णा, एवढं सरळ नाही. एक तर तुमच्या बँकेने परदेशी नंबरसाठी ती सोय चालू केलेली असली पाहिजे, आणि सगळ्या बँकांनी ती केलेली नाही. शिवाय नवीन नोंदणीनंतर पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर पैसे जात नाहीत. ते रास्तच आहे, नाहीतर चोरलेल्या सिमवर कुणीही खातं रिकामं करेल. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी जोडून शुक्रवारी सकाळी मोठी खरेदी होणार नाही.

आणि मावशीने काय करायचं? तिने नाहीच म्हटलंय. तुम्ही दहा देशांचे नंबर जोडा, ती घेणार नसेल तर पैसे कुठे जाणार?

जाता जाता: खोलाची मिरची म्हापशात का शोधताय? खोला काणकोण तालुक्यात. ती हवी तर मडगावच्या बाजारात या, मी स्वतः बरोबर येतो. उत्तरेत हरमलची घ्यावी. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही उत्तम, पण एकीच्या नावाखाली दुसरी विकली जाते आणि आपल्या स्टॉलवर चुकीची पाटी लागलेली मला चालणार नाही.

कडून: भाऊ (पेडणे)

नाना, म्हापशात खोलाची मिळत नाही असं नाही. ओळखीची विक्रेती असली की चांगली मिळते. आमच्या पेडण्याची हरमलची मात्र जास्त झणझणीत, आणि मस्कतमध्ये गेल्या वर्षी तीच आधी संपली होती.

पैशांबद्दल. मला २०१६ चा शेवट आठवतो. नोटबंदी झाली होती आणि तेव्हा संरक्षणमंत्री असलेल्या पर्रीकरांनी गोवा देशातलं पहिलं रोकडविरहित राज्य करायचं असं जाहीर केलं होतं. मासळीवालीलासुद्धा फोनवरून पैसे देता येतील, असं तेव्हा सांगितलं जायचं. यूपीआय तेव्हा अगदी नवं, त्याच वर्षी आलेलं. साध्या फोनवर *९९# दाबून पैसे पाठवायची सोयही लोकांना समजावून दिली जात होती. आज पणजीत चहाच्या गाड्यावर, शहाळेवाल्याकडे, मोटरसायकल टॅक्सीच्या पायलटकडेसुद्धा स्कॅनचा कागद दिसतो. त्या माणसाचं बोलणं बऱ्याच अंशी खरं झालं, वेळ लागला इतकंच. राहिलेल्यांनी का मागे राहावं? रोखीला मुभा दिली की सगळे रोखीकडेच वळतील.

कडून: माई (फोंडा)

भाऊ, "मागे राहावं" हा शब्द मला लागला, म्हणून लिहिते.

माझ्या दारात मासळी घेऊन येणारी बाई आहे. मी मस्कत सोडून इथे परतले तेव्हापासून तिच्याकडूनच घेते. दोन वर्षांपूर्वी तिच्या टोपलीच्या झाकणावर स्कॅनचा कागद आला. मला आनंद झाला, सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून. काही महिन्यांनी कागद गेला. मी विचारलं तर म्हणाली, पैसे मुलाच्या खात्यात जातात, मुलगा बोटीवर. तो हाकेला येईपर्यंत तिला ते हाताळता येत नाहीत. तिला पहाटे मडगावच्या घाऊक बाजारात मासळी उचलायची असते आणि तिथला हिशेब त्याच वेळी रोखीत होतो. आदल्या दिवशी बांगडे विकून आलेले पैसे दुसऱ्या पहाटे हातात नसतील तर ती टोपली कशाने भरणार?

तिचं स्वतःचं खातं आहे. पण ते ज्या नंबरला जोडलंय तो बंद पडलेला, आणि तो बदलायला बँकेत जायचं तर अर्धा दिवस जातो. मासळीवालीचा अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची मासळी गेली.

त्यामुळे मावशीने फोन नको म्हटलं तर ती अडाणी किंवा हट्टी नाही. तिला उद्याचा माल घ्यायचा आहे. आपल्याला पावती हवी, तिला पैसे हवेत, आणि माल तिचा आहे. म्हणून पैसे कसे घ्यायचे ते ठरवायचा हक्कही तिचाच आधी.

कडून: वहिनी (सध्या म्हापसा)

माईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आईकडे कारवारला येणाऱ्या मासळीवालीचंही अगदी असंच होतं, फक्त मुलगा बोटीवर नाही, मुंबईला.

माझ्या फोनवरून पैसे कसे गेले असं तिघांनी वेगवेगळं विचारलं. माझं भारतातलं सिम चालू आहे, खातं त्यालाच जोडलेलं आहे. दर काही महिन्यांनी रिचार्ज करते, सिम मरू देत नाही. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

कडून: धाकटा (युवा समिती)

> माझ्या फोनवरून पैसे जात नाहीत, वहिनींच्या फोनवरून लगेच गेले.

ताई, तुमच्या फोनमध्ये विमानतळावर घेतलेलं पासपोर्टवालं प्रीपेड पाकीट आहे ना, यूपीआय वन वर्ल्ड? बाहेरून येणाऱ्यांसाठी ते जी-२० च्या वर्षी निघालं. २०२३ च्या जूनमध्ये पर्यटनमंत्र्यांची बैठक इथे गोव्यात होती तेव्हा त्याची बरीच चर्चा होती. आपल्या परदेशी पासपोर्टवाल्या मुलांसाठी ते फार सोयीचं आहे. पण ते फक्त दुकानाच्या नावाच्या कोडवर चालतं. बाजारातल्या बायकांकडचा कागद बहुतेक वेळा मुलाच्या किंवा पुतण्याच्या खाजगी खात्याचा असतो. दिसायला दोन्ही कागद सारखेच. वहिनींचे पैसे बँक खात्यातून गेले म्हणून पोचले, तुमचे पाकिटातून म्हणून अडले. तुमचं नेटवर्क किंवा मिरचीवालीचा फोन यात कुठे आड आला नाही.

मस्कतच्या बँकेचं कार्ड फोनमध्ये असेल तर ते टॅप करून इथल्या मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत पुष्कळदा चालतं. मशीनवर चार वक्र रेघांची खूण बघा. तरीही बाहेरचं कार्ड घ्यायची परवानगी त्या दुकानाने बँकेकडून घेतलेली असावी लागते, आणि लहान दुकानं ती घेत नाहीत. एकाच रस्त्यावरच्या दोन फार्मसींत एकीकडे चाललं, दुसरीकडे नाही, असं माझ्या बहिणीला झालं. टॅप केलं आणि पाच हजारांच्या वर गेलं की पिनही लागतो.

अजून एक, सगळ्यांसाठी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी "पैसे परत करतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्या.

कडून: भाऊ (पेडणे)

माई, माझा रोख मासळीवालीवर नव्हता. पण पाचशेच्या वर नको म्हणणारा माठवाला? त्याला कशाची भीती?

कडून: नाना (मडगाव)

भाऊ, भीती कराची. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा तिथल्या दुकानांवर "यूपीआय बंद, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. ती बातमी आपल्या बाजारातही पोचली. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि ताज्या मासळीवर जीएसटी नाही. मासळीवालीला घाबरायचं कारण नाही. पण हे तिला समजेल अशा भाषेत, तिच्या पाटावर बसून कुणी सांगितलंय का? फोनच्या कंपन्यांची मुलं येतात, कागद चिकटवतात, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा देतात आणि जातात. त्या डब्याचं दर महिन्याला भाडं कापलं जातं, ते नंतर कळतं.

उलट, यूपीआयवर दोन टक्के जास्त मागणारे दुकानदारही आहेत. मडगावात एका कपड्याच्या दुकानात माझ्याशी असाच वाद झाला. बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर दुकानदाराला काहीही कापलं जात नाही, १ जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. क्रेडिट कार्डाचं वेगळं. तेव्हा कुणी जादा मागितलं तर देऊ नका, शांतपणे विचारा.

कडून: माई (फोंडा)

नानांनी कराचं बरोबर लिहिलं. पण खरेदी दर वर्षी म्हापशालाच का, हा माझा जुना प्रश्न आहे. फोंड्यात सोलं उत्तम मिळतात, माझ्या ओळखीचा वाणी फोनने पैसे घेतो, छापील बिलही देतो. अण्णांचा प्रश्नच मिटेल.

कडून: सहसचिव (सध्या म्हापसा)

माई, वाण्याकडची सोलं मी आणली होती. रंग होता, वास नव्हता. मावशी घरच्या भिरंडांची (कोकमाच्या फळांची) करते, आगळ (कोकमाचा रस) घालून उन्हात पुन्हा पुन्हा वाळवलेली. आपल्या स्टॉलवर लोक ती सोलं घ्यायला येतात. फोनने पैसे घेणाऱ्याकडून घ्यायचं म्हणून वाईट माल घ्यायचा, हे मी करणार नाही.

कडून: खजिनदार

सगळं वाचलं. हिशेब स्वच्छ राहिला पाहिजे, यावर मी ठाम आहे. पण तो रोखीतही स्वच्छ ठेवता येतो, जर रोख कुठून आली आणि कुठे गेली हे दोन्ही कागदावर असेल. सभेच्या ठरावात "अपरिहार्य असल्यास कार्यकारिणीच्या लेखी संमतीने" असे शब्द आहेत. त्याआधारे माझी संमती:

वहिनींनी त्यांच्या खात्यातून एकदाच रक्कम काढावी, एटीएमची चिठ्ठी जपावी. ज्यांच्याकडे फोन चालतो तिथे फोननेच द्यायचं. रोख फक्त सोलं आणि माळांसाठी. प्रत्येक विक्रेतीसाठी व्हाउचर भरायचं: माल, वजन, दर, रक्कम, तिची सही किंवा अंगठा, आणि आपल्यातल्या दोघांच्या सह्या. व्हाउचरचा फोटो त्याच दिवशी इथे टाकायचा. उरलेली रोख सोमवारी परत खात्यात.

मावशीला अंगठा द्यायला संकोच वाटला तर आग्रह करू नका, दोन साक्षीदार पुरे.

कडून: धाकटा (युवा समिती)

व्हाउचरचा मराठी नमुना करून आज रात्री पाठवतो. नानांनी सांगितलेली कराची माहिती साध्या कोकणीत एका पानावर लिहून आणू का? मी शुक्रवारी येतोय, पाटावर बसून मीच वाचून दाखवतो. कुणाला स्वतःच्या नावाचा कोड हवा असेल, स्वतःच्या खात्याचा, तर नंबर बदलायचा अर्जही भरून देईन. बँकेत मात्र त्यांनाच जावं लागेल.

कडून: माई (फोंडा)

अवश्य आण. कोकणी मी तपासून देते. आणि म्हापशानंतर एक दिवस माझ्याकडे ये, आमच्या बाईचा अर्ज राहिलाय. तिच्याबरोबर बँकेत मी जाईन, त्या दिवशीची मासळी आम्ही शेजारी मिळून आगाऊ घेऊ.

कडून: सहसचिव (सध्या म्हापसा)

अण्णा, आभार. शुक्रवारी सकाळी सातला बाजाराच्या तोंडाशी, मी आणि वहिनी. हरमलची मिरची इथून घेते, पाटीवर हरमलचीच लिहीन. खोलाची नानांवर सोपवली, मडगावला फोनने पैसे घेत असतील तर त्यांनीच द्यावेत आणि पावती टाकावी. एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच नोटा येतात आणि मावशीकडे सकाळी सुटे नसतात, तेव्हा दहा-वीसच्या आणि शंभरच्या नोटा ज्यांच्याकडे असतील त्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत मला कळवा.