लाल परीत कोणतं ऑईल टाकायचं?

ग्रुप: घरची मंडळी
शनिवार, संध्याकाळ

पप्पू दादा: आपल्या लाल परीचं (एसटी नाही, आपली कार) ऑईल बदलायचंय. पुढच्या रविवारी आईला घेऊन तुळजापूरला निघायचंय. गॅरेजवाला म्हणतो 1 लाख 68 हजार पळाली, आता पातळ ऑईल चालणार नाही, 20डब्ल्यू-50 टाका, वर एक घट्ट करायची बाटली पण देतो. पुस्तकात 5डब्ल्यू-30 लिहिलंय. काय करू?

वहिनी: आधी केंब्रिज चौकात काय झालं ते सांगा ना सगळ्यांना.

पप्पू दादा: काही नाही ओ. वळताना ऑईलचा लाल लाईट उलीसा लुकलुकला. सरळ झालो की गेला.

नाना: पप्पू, गाडी हलवू नको. आधी गेज बघ, ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी.

दाजी: "सावधान! जुन्या गाडीत सिंथेटिक ऑईल टाकल्यास सर्व सील फुटतात. इंजिन 3 महिन्यांत जाम. सर्व ग्रुपवर पाठवा."

सोन्या: दाजी, हेच तुम्ही दिवाळीत पण पाठवलं होतं. तेव्हा 2 महिन्यांत जाम होत होतं.

काका: ऑईल कोणतं बी टाका, जळकं ऑईल फेकू नगा. बैलगाडीच्या आसाला लागतंय. गोठ्याच्या मेढीला बी, उधई लागली.

नाना: पप्पू गेज?

पप्पू दादा: बघतोय नाना. इंजिन आत्ताच बंद केलंय.

नाना: सपाट जागा बघ. दहा मिनिटं थांब, वर चढलेलं चेंबरात, म्हणजे खालच्या ऑईलच्या टाकीत उतरू दे. मग गेज पुसून परत घाल अन् मग काढ. पहिल्या काढणीवर विश्वास नको.

(वीस मिनिटं सगळे गप्प. मधे आत्याचा "शुभ संध्याकाळ"चा गुलाब येऊन गेला.)

पप्पू दादा: नाना, खालच्या खुणेच्याही खाली आहे. टोकाला लागल्यासारखं दिसतंय फक्त.

नाना: मग कोणतं टाकायचं ते नंतर. होतं ते कुठं गेलं? मागचं कधी बदललं? किती किलोमीटर झाले?

पप्पू दादा: दिवाळीनंतर. 6 हजार झाले असतील. शेजारच्या दुकानातून 5डब्ल्यू-30 आणून थोडं थोडं ओततोय. कंपनी वेगळी आहे, चालेल ना?

नाना: ग्रेड तीच आहे ना, चालतंय. किती गेलं ते मोजून सांग. वरच्या खुणेच्या वर नेऊ नको, जास्त झालं तरी वाईट. फेस होतो.

पप्पू दादा: वरच्या खुणेला यायला 1 लिटर 200 मिली लागलं.

सोन्या: म्हणजे हजाराला 200 मिली. चेंबरात सगळं मिळून 3 लिटर बसतं ना? 1.8 वर गाडी चालवत होतास दादा.

नाना: म्हणून वळणावर लाईट. वळताना ऑईल एका बाजूला जातंय अन् पंपाची जाळी कोरडी पडतीय. तो लाईट पातळीचा नाही, प्रेशरचा असतोय. पेटला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, "घर जवळ आलंय" म्हणायचं नाही. इतक्या पळालेल्या इंजिनानं हजाराला 200 खाल्लं तर मी घाबरणार नाही. तू पाच महिने गेज काढलं नाहीस, त्याला घाबरतो.

आई: मी म्हणलंच होतं, पूजेशिवाय गाडी काढत जाऊ नको.

वहिनी: दुकानात "हाय मायलेज" लिहिलेला डबा बघितला मी. तो घेऊ का? ॲव्हरेज पण वाढेल.

ताई: वहिनी, इथलं मायलेज म्हणजे ॲव्हरेज नाही. किती पळालीय ते. अमेरिकेतली पद्धत आहे, 75 हजार मैलांवर, म्हणजे साधारण 1 लाख 20 हजार किमीच्या पुढच्या गाड्यांसाठी ते ऑईल विकतात. त्यात रबरी सील थोडे फुगवून मऊ ठेवणारं रसायन असतं, आणि इंजिन स्वच्छ ठेवणारंही थोडं जास्त असतं. सुकलेल्या सीलमधून किंचित पाझरत असेल तर फायदा होतो. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा त्यानं परत येत नाहीत.

दाजी: मग सिंथेटिकचं खोटं?

ताई: पूर्ण खोटं नाही, शिळं आहे. सुरुवातीच्या काळातल्या, 1970 च्या दशकातल्या काही सिंथेटिक ऑईलनं सीलला त्रास व्हायचा. आताचं तसं नाही. फक्त एक आहे, जुन्या गाडीत वर्षानुवर्षं साचलेला काळा चिकटाच कधी कधी गळती बुजवून बसलेला असतो. नवीन ऑईलनं तो धुतला गेला की गळती उघडी पडते, आणि बिल सिंथेटिकच्या नावावर फाटतं.

काका: नानाची व्हाईस नोट उघडंना. रेंज नाही इकडं.

सोन्या: थांबा काका, टाईप करून टाकतो. नाना जसं बोलले तसंच:

"हे बघा, डब्ल्यू म्हणजे वेट नाही, विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा 100 अंशाला मोजलेला. गॅरेजवाला म्हणतो आपल्याकडं 43-44 चं ऊन, म्हणून घट्ट पाहिजे. अरे, इंजिन तापलं की आतलं ऑईल शंभराच्या आसपासच असतंय, बाहेर परभणीचा मे असो नाहीतर डिसेंबर. ते थर्मोस्टॅट अन् पाणी सांभाळतंय. उन्हानं फरक पडतो, पण तो म्हणतो तेवढा नाही. झीज होते ती पहाटे सेल्फ मारल्यावर. रात्रभर सगळं खाली उतरलेलं, ते वर इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेटपर्यंत चढायचं असतं. थंडीत काकवीची बरणी उलटी धरली तर पोळी गार होईस्तोवर काकवी येत नाही, तसं घट्ट ऑईल. तोवर वरचं लोखंड लोखंडाला घासतंय. घट्ट टाकलं की टॅपेटचा आवाज दबतो, धूरही कमी दिसतो, म्हणून गिऱ्हाईक खूश. गाडी विकायची असली की लोक हेच करतात. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत 31 वर्षं काढली मी, आवाज दाबलेलं इंजिन मला ऐकू येतंय. आता पप्पू, धूर बघ. सकाळी चालू करताना एकदाच निळा फुरका आला अन् गेला तर व्हॉल्वचं सील. मांजरसुंब्याचा घाट पाय काढून उतरलास अन् खाली ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा आला तरी संशय तिथंच. चढाला दाबल्यावर सारखा निळा येत असेल तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, त्याचा ऑईलशी संबंध नाही. पांढरा दाट अन् थांबतच नसेल, पाणी पण कमी होत असेल, तर तुळजापूर विसर."

ताई: आकड्यात सांगते. 100 अंशाला 30 म्हणजे 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप), 40 म्हणजे 12.5 ते 16.3, 50 म्हणजे 16.3 ते 21.9.

सोन्या: ताई, उद्या चाचणी आहे का?

ताई: तुझी आहे. 30 वरून एकदम 50 वर उडी मारणं किती मोठं आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

रविवार

पप्पू दादा: नाना, सकाळी धूर नाही. सोन्याला मागच्या गाडीत बसवून बीड बायपासला दाबून बघितली, तेव्हापण नाही. पण टॅपेट कव्हरच्या कडेनं ओलं आहे, खाली मॅनिफोल्डवर थेंब जळाल्याचा वास येतो.

नाना: मग खाल्लं कमी, गळलं जास्त. पॅकिंग बदल. अन् इंजिनातला वायू परत इनटेकला नेणारा छोटा व्हॉल्व असतो, पीसीव्ही, तो काढून हलवून बघ. आत खडखडला पाहिजे. चोंदला असला तर आतलं प्रेशर वाढून ऑईल सीलमधून बाहेर ढकलतंय.

पप्पू दादा: खडखडत नाही! मुका आहे.

नाना: मग तो पण नवीन. या दोन्हींचे मिळून त्या बाटलीएवढे पण पैसे होणार नाहीत.

दाजी: आणि बाटली?

नाना: पाव्हणं, ऑईलमध्ये काय मिसळायचं ते करणाऱ्यानं मोजून मिसळलेलं असतं. त्यात आणखी घट्ट करणारं ओतलं की ग्रेड कुठली राहिली?

पप्पू दादा: मग ऑईल शेवटी कोणतं?

नाना: पुस्तकातल्या तक्त्याचा फोटो टाक.

(फोटो)

नाना: हे बघ. 5डब्ल्यू-30, शेजारी गरम हवेसाठी 10डब्ल्यू-40. 20डब्ल्यू-50 त्यात नाहीच. आत्ता 5डब्ल्यू-30 च टाक. पॅकिंग, पीसीव्ही अन् ग्रेड एकाच दिवशी बदललं तर गुण कशाचा आला ते कसं कळणार? हजार किलोमीटर मोज. तरी 200 जात असलं तर पुढच्या वेळी 10डब्ल्यू-40. डब्यावर एपीआयचा दर्जाचा वर्ग एसएन नाहीतर एसपी बघून घे. पुस्तकात एसएल आहे, नवीन वर्ग जुन्याला चालतो. फिल्टर नवीन. अन् 10 हजाराची वाट बघायची नाही, या गाडीला 7 हजार बास.

सोन्या: सील तुटलेला डबा घेऊ नको दादा. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नको, झाकण भोसकून घरी आण. तोच डबा भरून परत दुकानात येतो.

आत्या: आमची गाडी वर्षाला 2 हजारच चालते. 3 वर्षं ऑईल तेच आहे, गेजवर अजून भरलेलं दिसतं.

नाना: बाई, भरलेलं अन् चांगलं एक नाही. वर्षाला एकदा बदला.

पुढचा रविवार

पप्पू दादा: तुळजापूरला पोचलो. दर्शन छान झालं. 270 किमीनंतर गेजचा फोटो टाकतोय, नाना बघा.

नाना: वरच्या खुणेला आहे. पाच मिनिटं थांबून काढलंस का दहा?

वहिनी: दहा. आईंनी घड्याळ लावलं होतं.

नाना: परत आल्यावर घरासमोर परत काढ. एका फोटोवर मी काही बोलणार नाही.

काका: ते जळकं ऑईल कुठं ठेवलंय?

पप्पू दादा: कॅनमध्ये आहे काका, 3 लिटर. येताना आणतो.

ताई: काका, मेढीला लावताना हाताला पिशवी बांधा. कातडीला वाईट असतं ते. आणि विहिरीजवळ सांडू नका.

काका: हाव. कॅन गळकं नको आणू पप्पू.