बोलण्याचं भाषांतर: नियम आणि स्टॅटिस्टिकल मॉडेल एकत्र कसं बसवायचं?

अर्धमात्रा:
जर्मन बोलणं ऐकून इंग्रजीत सांगणारी छोटी सिस्टीम करतोय, विषय फक्त भेटीची वेळ ठरवणं. नुसते व्याकरणाचे नियम लिहिले तर माणूस जरा अडखळला किंवा वाक्य अर्धवट सोडून दुसरं सुरू केलं की पार्सर (वाक्याची व्याकरणाने फोड करणारा भाग) हात टेकतो, आणि नुसतं स्टॅटिस्टिकल मॉडेल (आधी भाषांतर झालेल्या वाक्यांवरून शक्यता शिकणारं) घेतलं तर वाक्य छान गुळगुळीत येतं पण नकारच गळून पडतो, मंगळवारचा बुधवार होतो. दोन्ही समांतर चालवून ज्याचा स्कोअर जास्त त्याचं घ्यायचं, हे चालेल का?

डीकोडर:
थेट स्कोअर लावून बघू नका, दोघांची मापंच वेगळी. आधी माणसांकडून थोडी वाक्यं तपासून घ्या, कुठल्या इंजिनाचं भाषांतर बरोबर ते नोंदवा आणि त्यावरून स्कोअर जुळवा, मगच तुलना. बाकी तुमचा विषय अगदी वर्बमोबिलचाच आहे! 1993 ते 2000 जर्मनीत झालेला प्रोजेक्ट, जर्मन, इंग्रजी, जपानी. त्यात खोल व्याकरणवालं, उदाहरणांवरचं, संवादातल्या हेतूवरचं आणि स्टॅटिस्टिकल अशी इंजिनं एकाच बोलण्यावर चालायची नि शेवटी एक मॉड्यूल निवड करायचं. शेवटच्या चाचण्यांत स्टॅटिस्टिकल बाकीच्यांच्या पुढे राहिलं, कारण ऐकण्यातच चुका असल्या तरी ते काहीतरी कामाचं देतं.

रेघोटी:
मला तर वाक्य झाल्यावर निवड करणं हेच उशिराचं वाटतं. नियम मधे घाला. जर्मनमधे क्रियापद बऱ्याचदा शेवटी जातं, ते नियमाने आधीच पुढे आणून इंग्रजीच्या क्रमात लावलं तर स्टॅटिस्टिकल भाषांतर सुधारतं, हे 2005 मधेच दाखवलं गेलंय. पण ते लिखित मजकुरावर, बोलण्यात वाक्याची फोडच चुकली तर क्रम आणखी बिघडणार, म्हणून मूळ क्रम आणि बदललेला क्रम दोन्ही लॅटिसमधे (पर्यायी वाटा एकत्र दाखवणाऱ्या जाळ्यात) ठेवा आणि मॉडेलमधला डीकोडर, म्हणजे सगळ्यांत शक्य भाषांतर शोधणारा भाग, त्याला ठरवू द्या. स्पीच रेकग्निशनकडूनही (ऐकलेल्या आवाजाचे शब्द करणाऱ्या भागाकडूनही) एकच वाक्य घेऊ नका, पहिले काही पर्याय घ्या, बरोबर शब्द बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्यात असतो.

अर्धमात्रा:
लॅटिसचं पटलं. पण तारखा आणि नकार?

रेघोटी:
तारीख, वेळ, आकडे यांना भाषांतरात पाठवूच नका. छोट्या व्याकरणाने ओळखायचं, जागी खूण ठेवायची, मॉडेलने ती खूण योग्य जागी नेली की तिथे नियमाने केलेलं भाषांतर भरायचं. डेटामधे एखादी तारीख कधी आलीच नसली तरी अडत नाही. मात्र ट्रेनिंगच्या डेटातही त्याच खुणा हव्यात, नाहीतर मॉडेलला त्या अनोळखी वाटतात.

डीकोडर:
नकाराला तसं झाकता येत नाही, तो वाक्यभर पसरलेला असतो. तिथे नियम पहारेकरी म्हणून ठेवा: मुळात नकार आहे आणि भाषांतरात नाही, तर ते बाद, पुढचा पर्याय बघा. सगळेच बाद झाले तर सिस्टीमने बोलणाऱ्याला परत विचारावं, अंदाजाने काहीही पाठवू नये. भेट ठरवताना "येतो" आणि "येत नाही" यात गल्लत झाली तर बाकीचं वाक्य कितीही सुंदर असून काय उपयोग.