मदत हवी आहे : नाचणीवरील करप्याच्या बुरशीची जनुके शोधताना पुनरावृत्त भाग कितपत झाकावेत?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नाचणीवर करपा पडतो. कानडी शेतकरी त्याला ‘बेंकी रोग’, म्हणजे आगीचा रोग म्हणतात, आणि मानेशी काळी पडलेली कणसे पाहिली की तेच नाव अधिक चपखल वाटते. तिथल्या रोगट पानांवरून वेगळ्या केलेल्या मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा क्रम, आम्ही नुकताच वाचून जुळवला आहे. अडचण त्यापुढची आहे.

याच बुरशीच्या, भातावरच्या ७०-१५ या वाणाचा जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ११,१०९ जनुकांचा अंदाज दिला होता. माझ्याकडे रिपीटमॉडेलर या प्रणालीने केलेली यादी वापरून पुनरावृत्त भाग (जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारे क्रम) नुसते लहान अक्षरांत ठेवले, म्हणजे खूण केली पण क्रम पुसला नाही, तर ऑगस्टस ही जनुके शोधणारी प्रणाली सुमारे १५,८०० जनुके दाखवते, आणि वाढीव जनुकांपैकी पुष्कळांत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराचा (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या) तुकडा असतो, म्हणजे ती उड्या मारणाऱ्या घटकांचीच, जीनोममध्ये स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या तुकड्यांचीच, आहेत. तेच भाग ‘एन’ (अज्ञात) अक्षराने पूर्ण झाकले, तर आकडा ११,९०० पर्यंत उतरतो. पण मग गुणसूत्रांच्या टोकांकडची काही लहान स्रावी (बुरशी पेशीबाहेर सोडते ती) प्रथिनेही नाहीशी होतात. एव्हीआर-पीटा हे, भाताच्या प्रतिकारक जनुकाला ओळखू येणारे, या बुरशीचे जनुकही अशाच टोकाजवळ असते, हे लक्षात घेता ही किंमत मला परवडणारी नाही, कारण यजमानाशी झुंजणारी नेमकी हीच जनुके मला हवी आहेत. जीनोम किती पूर्ण आहे ते तपासणाऱ्या बुस्को या प्रणालीचा निकाल दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच येतो, आणि त्यात नवल नाही: तो सर्वत्र आढळणारी जनुके मोजतो, आणि ती अशा भागांत क्वचितच असतात.

आरएनए-सीक (कोणती जनुके चालू आहेत हे दाखवणारी आरएनएची वाचने) आहे, पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीच्या तंतूंचे. झाडात शिरल्यावरच जागी होणारी जनुके त्यात सापडण्याची आशा कमी. लागण झालेल्या पानांतून आरएनए काढावे, तर बहुतेक वाचने नाचणीचीच निघतील.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुनरावृत्तांची यादी आधी ज्ञात बुरशी-प्रथिनांशी ताडून तिच्यात चुकून शिरलेली खरी जनुककुळे काढून टाकावीत आणि मगच लहान अक्षरांचा मार्ग धरावा, हा क्रम कोणी वापरला आहे का? आणि पानांतूनच आरएनए घ्यायचे ठरले, तर लागणीनंतर किती तासांनी घेतलेला नमुना बुरशीच्या पुरेशा वाचनांसाठी तुम्हाला उपयोगी पडला? नाचणीचा अनुभव नसेल तर भातावरचा सांगितला तरी चालेल.