पेशीपटलात कोलेस्टेरॉल कशासाठी?

प्रश्न (इंदूर): फॉस्फोलिपिडांचा (पाण्याकडे वळणारे डोके आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या दोन शेपट्या असलेल्या मेद-रेणूंचा) दुहेरी थर असताना प्राण्यांच्या पेशीपटलाला कोलेस्टेरॉलची गरज का भासते, असे अकरावीतील एका विद्यार्थिनीने विचारले. तिला काय सांगावे?

उत्तर १: कोलेस्टेरॉलचा रेणू फॉस्फोलिपिडांच्या शेपट्यांमध्ये शिरतो, त्याचा हायड्रॉक्सिल (OH, पाण्याशी जुळणारा) गट पाण्याकडील डोक्यांलगत राहतो आणि ताठ वलये शेपट्यांची हालचाल आवरतात, त्यामुळे उष्णतेत पटल फार सैल पडत नाही, आणि थंडीत शेपट्या दाटीने रचल्या न गेल्याने ते थिजतही नाही.

उत्तर २: ताई, शेपट्यांचा प्रकारही सांगावा. जानेवारीत आपल्या इंदुरात तूप थिजते, सोयाबीनचे तेल थिजत नाही. संपृक्त (सरळ, तुपात जास्त) आणि असंपृक्त (वाकलेल्या, तेलात जास्त) शेपट्यांतला फरक तोच: सरळ शेपट्या दाटीने रचल्या जाऊन लवकर थिजतात.

उत्तर ३: बुरशीच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉलच्या जागी त्याच्यासारखेच अर्गोस्टेरॉल असते, आणि बुरशीविरोधी अनेक औषधे नेमके त्यालाच लक्ष्य करतात.