पाणी आणि संडास: तुमच्याकडे काय अवस्था आहे?

२८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला, शुद्ध पाणी आणि शौचालय हा माणसाचा हक्क. आपल्याकडे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तळं सगळ्यांना खुलं की नाही या दाव्यात कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव राहू द्या, नळाला काय येतं ते लिहा.

---

मुंबई, झोपडपट्टी. लाईन आमच्या नावावर नाहीच, पलीकडच्या गल्लीतल्या एकाकडून पाईप ओढलाय, तो म्हणेल तो भाव. पाणी पहाटे. मोटर लावली की आधी हवा, मग गढूळ, मग कुठे पाणी, तोवर शेजारीण ओरडते. हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मधे सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येत नाही. अर्ज घेऊन गेलं की आधी एनओसी आणा म्हणतात.

---

लातूर, २०१६ चा उन्हाळा. टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून जमावबंदी, पाण्यासाठी १४४ बरं का! एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. पण रेल्वे काय दारात येत नाही, शेवटी टँकरच. आई भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायची, त्यानं फरशी, उरलं की संडासात. पाहुणे आले की पहिला विचार, हे अंघोळ करणार का?

---

आमच्या गावात १२ हजारांच्या अनुदानात संडास झाले, हागणदारीमुक्तचा बोर्ड लागला. पण एका माणसामागं बादलीभर पाणी, आणि ते विहिरीवरून डोक्यावर आणायचं बाईनंच. आमच्या संडासात सध्या सरपण आहे. सासूबाई म्हणतात, वावरात तांब्याभर पाण्यात भागतं.

---

रोज एसटीने जाते. सकाळी चहा अर्धा कप, पाणी नाहीच. स्टँडवर महिलांना मोफत लिहिलंय, त्याच पाटीखाली बसून तो माणूस पैसे मागतो, पुरुषांना मुतारी फुकट. मुंबईत २०११ मधे राईट टू पी, म्हणजे बायकांच्या मोफत मुतारीच्या हक्काची मोहीम सुरू झाली तेव्हा ऑफिसातले नावावरूनच खिदळले होते. मला इन्फेक्शन झालं तर डॉक्टर म्हणे भरपूर पाणी प्या. पिते हो, पण जाऊ कुठे?

---

मुंबईवाले, तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. अर्ज आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, उत्तर नाही आलं तर आरटीआय टाका.