मदत हवी आहे: फौजेतल्या भाच्याला चाकू कुठला देऊ?
मंडळी, भाचा फौजेत आहे, गणपतीला दापोलीला येतोय, त्याला चाकू द्यायचाय. मला तो दुधारी खंजीर आवडलाय, १९४१ चा ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स असतो ना, तसला, पण तो नुसता भोसकायला, डबा उचकटायला गेलं की टोक मोडायचं. उलट स्विस सैनिकांना १८९१ पासून घडीचाच चाकू, तोही डबे उघडायला आणि रायफल खोलायला! आमची ही म्हणते, शहाळ्याला कोयता, सुपारीला अडकित्ता, तसंच हे. पटतं, पण माझा जुना घडीचा बोटावरच मिटलेला, अंगठ्यावर अजून वण आहे. लॉकवाला घेऊ का? आणि आपल्या खाऱ्या हवेत कार्बन स्टील लगेच गंजतं, मग स्टेनलेसच ना? कुणी माजी सैनिक असाल तर सांगा, तुमच्या खिशात खरंच काय असायचं?